आई-बाबांना ओमान दाखवताना वार बघा
बेत डिसेंबर-जानेवारीतच आखा. जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. मस्कतची सुलतान काबूस मशीद बिगरमुस्लिमांना सकाळी ८ ते ११ एवढाच वेळ खुली असते आणि शुक्रवारी बंद. म्हणून शुक्रवार निझवा या किल्ल्याच्या शहराला द्या. त्या सकाळी तिथे बकऱ्यांचा बाजार भरतो, आणि गावाकडचे बाबा किल्ल्यापेक्षा त्यातच जास्त रमतात! मात्र पहाटेच निघा, मस्कतहून दीड-पावणेदोन तासांचा रस्ता आहे. मशिदीत बायकांना केस, हात, पाय झाकावे लागतात. आईला साडीपेक्षा पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी सोयीची. वहिबाच्या वाळवंटात टेकड्यांवरून गाडी उडवणाऱ्या चालकाला आधीच सांगा, मागे कंबरदुखीवाले बसलेत. आणि डब्यातलं थालीपीठ त्या धक्क्यांच्या फेरीहून परतल्यावरच उघडा.