परदेशात मुलांचे क्लास शोधताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतून दरवर्षी एखादं तरी कुटुंब जर्मनीला जातं आणि निघण्याआधी आमच्याकडे चहाला येतं. आम्ही सहा वर्षं काढून परतलोय ना! त्यांच्या यादीत कुकर असतो, तूरडाळ असते. मुलं शाळेनंतर काय करणार, हे मात्र "तिकडे गेल्यावर बघू."

आम्हीही तेच म्हणालो होतो. ठाण्यात सुट्टी लागली की तरणतलावावर जायचं, पैसे भरायचे, सोमवारपासून मूल पाण्यात. तिकडे ऑगस्टमध्ये नाव घातलं, नंबर लागला पुढच्या मे महिन्यात! तोवर वर्गातल्या निम्म्या पोरांच्या पोहण्याच्या चड्डीवर 'झेपफेर्डशेन'चा, म्हणजे समुद्रघोड्याचा बिल्ला शिवलेला. २५ मीटर पोहायचं, काठावरून उडी मारायची, खांद्याइतक्या पाण्यातून तळाची वस्तू काढायची, की तो मिळतो. एका वाढदिवसाला सगळे मोठ्या तलावात आणि आमचे चिरंजीव उथळ पाण्यात, तीन वर्षांच्या बाळांसोबत. घरी येईपर्यंत तोंडातून शब्द नाही. म्हणून माझं ऐका, पत्ता पक्का झाला की त्याच रात्री दोन-तीन ठिकाणी वेटिंगला नाव टाका. (बिल्ला मिळाला म्हणून पोराला एकटं खोल पाण्यात सोडू नका. ती फक्त सुरुवात असते.)

इथले क्लास ऑनलाइन चालू ठेवणारेही फसतात. नौपाड्यातल्या गुरुजींचा तबला आम्ही सोडला नाही, ते बरंच झालं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. मला पत्ताच नाही. गुरुजी तासभर स्क्रीनसमोर बसून होते. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. मार्चमध्ये घड्याळं पुन्हा पुढे. आता कॅलेंडरवर दोन्ही रविवार लाल.

खेळाच्या क्लबात, म्हणजे 'फेराइन'मध्ये, आधी एक-दोनदा नुसतं खेळून बघू देतात. तरी लोक पहिल्याच दिवशी सभासद होतात, आणि सोडायचं तर मुदतीआधी लेखी कळवावं लागतं, हे नंतर वाचतात. शिकवणारे बरेचदा हौसेने येणारे आईबापच असतात. पोराला दारात सोडून पळू नका, कधीतरी केक करून न्या.

आणि पहिल्याच महिन्यात चार क्लास? कृपा करा, पोराला आधी भाषा तरी कळू दे.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. जुलैत निघणार, घर मिळालंय. मी पत्ता मागितला. चहा गार झाला, पण दोन तलावांचे फॉर्म भरून झाले.