एएसी ब्लॉकच्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफ कोटिंग मारताय? या चुका टाळा

नवी मुंबईच्या उलव्यात काय नि ठाण्याच्या घोडबंदरला काय, नवीन बिल्डिंगमध्ये आता लाल वीट शोधावी लागते, सगळीकडे एएसी ब्लॉक, म्हणजे विटेऐवजी वापरतात तो काँक्रीटचा ठोकळा. हलका आहे, काम भराभर होतं, मान्य. पण आत सगळी बारीक छिद्रं, त्यामुळे हा पाणी पटकन पितो आणि सोडताना मात्र जाम वेळ लावतो.

म्हणून ओल्या भिंतीवर कोटिंग मारू नका!! मे संपत आला की सोसायट्यांना जाग येते आणि सगळ्यांना पावसाच्या आधी काम उरकायचं असतं. उलव्यातल्या एका बिल्डिंगला वळवाचा पाऊस पडून गेलेला, मग जरा ऊन आलं तर कॉन्ट्रॅक्टर म्हणे साहेब हात लावून बघा, कोरडी ठणठणीत. वरून कोरडीच होती ओ, आत ब्लॉक भिजलेला. त्यावर जाडजूड रबरासारखा कोट चढवला, म्हणजे पाणी आत अडकलं आणि वाफेलाही बाहेर यायला वाट नाही. ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि पश्चिमेची अख्खी भिंत फुग्यांनी भरली. मला बघायला बोलावलं तेव्हा एक फुगा कटरने फाडला तर पाणी मनगटावरून ओघळलं. कमिटी म्हणत होती माल डुप्लिकेट आहे. माल एकदम ओरिजिनल होता, म्हणून तर पाणी इतकं नीट अडकलं! सगळं खरवडून, भिंत वाळवून परत काम, परांचीचा खर्च पण डबल.

मी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर भिंतीवर ठेवतो, सकाळी आतून दव दिसलं तर त्या दिवशी डबा उघडायचाच नाही, कोणी कितीही बोंबलू दे. नवीन प्लास्टरला किमान २८ दिवस द्यायचे आणि कोटिंग वाफ बाहेर सोडणारं घ्यायचं.

दुसरं, कॉलम-बीम आणि ब्लॉकचा सांधा. तिथे प्लास्टरच्या आत जाळी नसेल तर तडा जाणारच, आणि 'कोटिंग झाकून घेईल' म्हणणाऱ्याला सरळ घरी पाठवा. तडा उघडून, पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरून, फायबरची जाळी लावून मगच पुढे.

बाकी, प्लास्टरआधी पाईपने पाणी मारून ब्लॉक भिजवू नका, शिंपडलं तरी पुरे. प्लास्टर १:३ चं (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) कडक नको, १:६ बास. आतली पुट्टी बाहेर वापरू नका. आणि कोटिंगमध्ये पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मुकादमाच्या अंदाजाने नाही. मी तर मोजायचं भांडं स्वतःच घेऊन जातो.