सायलो बसला? आधी गेटवाल्याला गाठा

सायलो, म्हणजे धान्य साठवायची पत्र्याची उंच गोल टाकी, गेल्याचा फोन आला की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पत्राच हलका दिला हो त्यांनी." असेलही. पण मी पत्र्याला हात लावायच्या आधी तळातून धान्य सोडायची गेटं चालवणाऱ्याला गाठतो, तेही टपरीवर, साहेब लोकांपासून लांब.

तळोज्यातल्या एका कारखान्यात मक्याचा सायलो उभा होता, पण निम्म्या उंचीवर आत भला मोठा पोचा. त्याच्या बरोबर खाली बाजूचं गेट. कटिंग हातात आल्यावर ऑपरेटरमामा म्हणाले, "मधलं चोक झालं होतं, मग साइडचं खोललं." सपाट तळाच्या सायलोत मधलं गेट आधी, त्यातून माल यायचा थांबला की मगच बाजूची. बाजूचं आधी उघडलं तर धान्य भिंतीला लागून वाहतं. तेवढ्या पट्ट्यात भिंतीवरचा दाब उतरतो, बाकीकडे तसाच राहतो आणि गोल पत्रा आत वाकतो. त्यात धान्याचं बरंचसं वजन घर्षणाने भिंतच पेलत असते. यान्सेन या जर्मन अभियंत्याने हे 1895 सालीच मांडलंय.

पण मधलं चोक का झालं? बाजूच्या गेटमधून पडलेला एक गड्डा फोडला. आत हिरवी बुरशी, आंबूस वास. वर चढून पाहिलं तर छताच्या झाकणाचं रबर फाटलेलं, आणि महिना जुलैचा.

आत मात्र उतरू नका. भिंतीला चिकटलेलं धान्य कधीही अंगावर येतं, शिवाय कीड मारायच्या गोळ्यांचा गॅस असू शकतो.

तुटलेले बोल्ट त्याच दिवशी उचला. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ताज्या तुटीवर रात्रीत तांबूस गंज चढतो, मग जुनी चीर कुठली आणि नवी कुठली ते ओळखणं अवघड. कोरड्या पिशवीत ठेवा. दोन तुकडे जुळवून बघायचा मोह होतो, मलाही होतो. तुटलेली तोंडं घासून पुरावा जातो. बोल्टच्या डोक्यावरचा मजबुतीचा 8.8 वगैरे आकडा ड्रॉइंगशी ताडा. पत्र्याचं भोक लांबट ओढलं गेलंय का, तेही बघा.

अख्खा सायलो कलला असेल तर पायाकडे वळा. कॅनडात ट्रान्सकोनाचं धान्यकोठार 1913 मध्ये पहिल्यांदा भरतानाच खालच्या चिकणमातीमुळे कललं. खाडीकाठच्या मातीवर बांधणाऱ्यांनी ते विसरू नये.

आणि लॉगबुकाचे फोटो पहिल्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी त्यात मधलं गेट आधी उघडलेलं असतं.