कॉर्ड मेलडी शिकताना या चुका टाळा

सांगली-मिरजेकडची बहुतेक मुलं जॅझकडे येतात ती हिंदी गाण्यांना साथ करता करता. साथीत चाल गायकाकडे असते आणि गिटारवाला कॉर्ड सांभाळतो. कॉर्ड मेलडीत गायक नाही. चाल, स्वरसाथ आणि खर्ज हे तिन्ही एकाच गिटारमधून काढायचे असतात, आणि त्यात मालकी चालीची. तरीही जो येतो तो आधी कॉर्डचे शेप पाठ करतो आणि चाल त्यात कुठे बसते ते नंतर शोधतो. पुढचा बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिली चूक सप्तकाची. गिटारसाठी लिहिलेले स्वर प्रत्यक्षात एक सप्तक खाली वाजतात. त्यामुळे लीड शीटवरची, म्हणजे चाल आणि कॉर्डची नावं एवढंच लिहिलेल्या कागदावरची, चाल जशीच्या तशी वाजवली की ती गिटारच्या पोटात शिरते. ‘ऑटम लीव्ह्ज’ हे जॅझवाल्यांचं नेहमीचं गाणं घ्या. जोसेफ कोस्माची ही चाल १९४५ची. ई मायनरमध्ये ती ई, एफ शार्प, जी अशी चढून लांब सी वर थांबते. लिहिल्याबरहुकूम वाजवलं तर हा सी दुसऱ्या तारेच्या (पहिली म्हणजे सगळ्यात बारीक तार) पहिल्या फ्रेटवर येतो, पुढचा थांबा बी मोकळ्या दुसऱ्या तारेवर आणि त्यापुढचा ए थेट तिसऱ्या तारेवर. खाली कॉर्डला जागा उरत नाही आणि पहिली तार रिकामी राहते.

विश्रामबागेतल्या एका अकरावीतल्या मुलाने हेच गाणं इंटरनेटवरच्या टॅबवरून, म्हणजे तार आणि फ्रेटचे आकडे दाखवणाऱ्या लिपीवरून, बसवलं. बोटं स्वच्छ, लय ठीक, पण घरात कुणालाच चाल ओळखू येईना. त्याने तारा बदलल्या, मग अ‍ॅम्पचा ट्रेबल वाढवला. दोष तारांचा नव्हताच. ए मायनर सेव्हनला तो पाचव्या फ्रेटवर बोट आडवं टाकून सगळ्या तारा खरवडत होता. चालीचा सी तिसऱ्या तारेवर आणि त्याच्या वर पहिल्या तारेवर ए वाजतोय. कान सहसा सगळ्यात वरचा स्वर चाल म्हणून धरतो. ऐकणाऱ्याला ए ऐकू येत होता, मग गाणं ओळखणार कसं?

यावरचा उपाय असा: चाल एक सप्तक वर न्या, थांबण्याचे स्वर पहिल्या तारेवर ठेवा आणि कॉर्ड फक्त पहिल्या चार तारांवर धरा. चढणारे तीन स्वर दुसऱ्या तारेवर ५, ७, ८ या फ्रेटवर एकेरी वाजवा, मग पहिल्या तारेवर आठव्या फ्रेटचा सी. आता चौथ्या तारेकडून पहिलीकडे फ्रेट वाचा. ए मायनर सेव्हन ७-९-८-८, डी सेव्हन ७-७-७-८, जी मेजर सेव्हन ५-७-७-७, सी मेजर सेव्हन ५-५-५-७, एफ शार्प हाफ डिमिनिश्ड ४-५-५-५, बी सेव्हन ४-४-४-५, ई मायनर सेव्हन २-४-३-३.

नुसते आकडे पाठ करू नका, त्यातली हालचाल बघा. ए मायनरवरून डीवर जाताना पहिली आणि चौथी तार जागेवर राहते, मधल्या दोनच तारा खाली उतरतात. जीवरून सीवर आणि एफ शार्पवरून बीवर जातानाही तेच. कारण साधं आहे. ए ला षड्ज मानलं तर सी हा कोमल गंधार. डी ला षड्ज मानलं तर तोच सी कोमल निषाद. कॉर्ड चौथ्या स्वरावर सरकते, चालीचा स्वर तिथेच राहतो. मिरजेच्या परिसरात वाढलेल्याला हे सरगममध्ये सांगितलं की लगेच पटतं. सेव्हन्थ, थर्ड असं घोकत बसण्यापेक्षा मला तरी हाच रस्ता बरा वाटतो.

बोटांचं एक पक्कं करून टाका. पहिल्या कॉर्डला चौथ्या तारेवर तर्जनी, तिसरीवर करंगळी, दुसरीवर मधलं बोट, पहिलीवर अनामिका. डीवर जाताना अनामिका उचलायची नाही, तर्जनी आडवी करून करंगळी आणि मधलं बोट सोडायचं. सी पुढच्या बारमध्येही (बार म्हणजे चार मात्रांचा खंड) चालू असतो, म्हणून पहिली तार पुन्हा छेडू नका. अनामिका उचलली की चाल तुटते, आणि नवशिके नेमकी तीच उचलतात.

प्रत्येक स्वराखाली कॉर्ड घालणं ही दुसरी मोठी चूक. कॉर्ड बारच्या पहिल्या मात्रेवर, फार तर तिसरीवर. मधले स्वर एकेरी राहू द्या. जॅझ गिटारवादक जो पासची रेकॉर्डिंग ऐकून पहिल्या आठवड्यातच सगळं भरून टाकायची घाई होते. त्याच्याही संथ गाण्यांत किती जागा मोकळी सुटते ते नीट ऐका.

उजव्या हातात अंगठा चौथ्या तारेला, तर्जनी तिसरीला, मधलं दुसरीला, अनामिका पहिलीला. चौघांचा आवाज सारखा येत असेल तर चाल बुडाली म्हणून समजा. एकच कॉर्ड धरून अनामिका जोरात आणि बाकी तिघं हळू, एवढंच रोज पाच मिनिटं करा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला माहीत नाही.

मेट्रोनोम ४० वर लावा आणि ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरा. लय ८० ची होते. ठोका पहिल्या मात्रेवर धरून स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, अंगात येत नाही.

सोबत बास असेल तर खर्ज त्याच्यावर सोडा.

हेच गाणं जी मायनरमध्येही खूप वाजवतात. त्यासाठी सगळे शेप तीन फ्रेट वर सरकतात आणि पहिली कॉर्ड १०-१२-११-११ होते. क्लासिकल गिटारच्या गळ्याचा सांधा बाराव्या फ्रेटलाच असतो, तिथे हात अडखळतो. तुमची गिटार तशी असेल तर ई मायनरच धरा.

कॉर्ड बदलून बघायची हौस चाल पक्की झाल्यावर. बी सेव्हनच्या जागी एफ सेव्हन चालतो, कारण चालीचा ए हा एफचा शुद्ध गंधार आहे. पण प्रत्येक वेळी वर कुठला स्वर आहे ते आधी बघा. जिथे चालीचा स्वर नव्या कॉर्डशी अर्ध्या स्वराने भांडतो, तिथे जुनी कॉर्डच ठेवा.

पावसाळ्यात सातव्या फ्रेटच्या पुढे स्वर बेसूर लागले तर लगेच हाताला दोष देऊ नका. दमट हवेत लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून वर जातात आणि दाबल्यावर स्वर चढतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर गिटार सेटिंगला द्या, आणि ती परत येईपर्यंत चाल तोंडाने म्हणून पाठ करा.