भिंतीवर खंडांचा प्रवास: पाच पाट्यांचं वॉल आर्ट कसं करायचं

जगाचा नकाशा भिंतीवर बऱ्याच जणांनी लावलेला असतो, पण तेच खंड 20 कोटी वर्षांत कुठून कुठे सरकत आले हे एकाखाली एक लावून दाखवलं ना, तर बघणारा तिथेच थांबतो आणि बोटाने भारत शोधायला लागतो. यासाठी चित्रकला यायलाच पाहिजे असं काही नाही, कटर नीट चालवता आला की पुरे, फक्त घाई करू नका, दोन-तीन सुट्ट्या यात जातातच.

आधी काळ ठरवा. माझ्या मते पाचच पाट्या कराव्यात. पहिली 20 कोटी वर्षांपूर्वीची, सगळे खंड एकत्र, म्हणजे पॅन्जिया. दुसरी 15 कोटी, वर लॉरेशिया म्हणजे उत्तरेकडच्या खंडांचा गट, खाली गोंडवाना म्हणजे भारतासकट दक्षिणेकडच्या खंडांचा गट आणि मधे अटलांटिकचा चिंचोळा समुद्र. तिसरी 9 कोटी, दक्षिण अमेरिका आफ्रिकेपासून सुटलेली आणि भारत मादागास्करला सोडायच्या बेतात. चौथी 5 कोटी, भारत आशियाला धडकतोय. पाचवी आजची. यापेक्षा जास्त केल्या तर शेजारच्या दोन पाट्यांतला फरक डोळ्याला चटकन कळत नाही आणि कापाकापी मात्र दुप्पट होते.

आता नकाशे, आणि इथे अजिबात अंदाजाने काढू नका. जीप्लेट्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात काळाचा स्लायडर सरकवला की खंड आपोआप त्या त्या काळातल्या जागी जातात. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत, मॉलवाइड निवडा, कारण मर्केटर नावाच्या दुसऱ्या पद्धतीत ध्रुवाजवळचं सगळं फुगतं आणि जुना भारत तर खूप दक्षिणेला होता, मग तो आजच्यापेक्षा भलताच मोठा दिसेल आणि बघणाऱ्याला वाटेल की देश आक्रसला. मधलं रेखावृत्त 10 अंश पूर्व ठेवा, म्हणजे आफ्रिका साधारण मधे येते आणि आजच्या पाटीवर नकाशाची कड बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळून जाते, त्यामुळे रशिया आणि अलास्का फार तुटत नाहीत. पाचही नकाशे याच सेटिंगने काढा.

मॉलवाइड नकाशा उंचीच्या दुप्पट रुंद असतो, म्हणून पाटी 60 बाय 30 सेंटीमीटर घ्या. या मापात सरासरी 1 सेंटीमीटर म्हणजे साधारण 600 किलोमीटर होतात. भारत साधारण 5 सेंटीमीटरचा येतो, मादागास्कर अडीचचा, आणि अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लहान बेटं कापत बसू नका, ती ब्रशने रंगवा. एक नकाशा सहा ए-फोर कागदांवर छापून चिकटपट्टीने जोडता येतो.

पाटीसाठी 3 मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, आणि खंडांसाठी 5 मिलिमीटरचा फोम बोर्ड. एमडीएफला दोन्ही बाजूंनी रंग द्या, एकाच बाजूला दिला तर तो वाकतो. नकाशा कार्बन पेपरने फोम बोर्डवर उतरवा आणि कटर एका दमात दाबू नका, हलक्या हाताने तीन वेळा फिरवा, पातं बोथट वाटलं की लगेच बदला नाहीतर कडेचा फोम फाटतो. चिकटवायला पांढरा गोंदच वापरा, सॉल्व्हंटवाला गोंद फोम खाऊन टाकतो. मी पहिल्यांदा एकाच साच्यावरून प्रत्येक खंडाचे पाच तुकडे कापले होते आणि ते सगळे वाया गेले, कारण खंड सरकला, फिरला की नकाशावरचा त्याचा आकारही बदलतो. प्रत्येक पाटीचा साचा वेगळा लागतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट किनाऱ्याची. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका आजच्या किनाऱ्यावर कापून शेजारी ठेवलेत तर मधे फटी राहतात. खंड खरा संपतो तो किनाऱ्यावर नाही, पाण्याखालच्या उतारावर. 1965 मधे बुलार्ड या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर हे खंड जुळवून बघितले तेव्हा सुमारे 900 मीटर खोलीच्या रेषेवर ते फार छान बसले. म्हणून तुकडा समुद्राखालच्या काठासकट कापा, काठाला फिकट निळा रंग द्या आणि आतली जमीन वेगळ्या रंगाने रंगवा. पॅन्जियाच्या पाटीवर हे तुकडे एकमेकांत बसतात तेव्हा जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरला 1912 मधे खंड सरकतात हे मांडताना काय दिसलं असेल ते हाताला कळतं.

रंगांचा नियम एकच, एका खंडाला पाचही पाट्यांवर तोच रंग. भारताला सगळ्यात ठळक द्या, केशरी किंवा लाल, कारण खरा प्रवासी तोच आहे. आशियाकडे जाताना तो एका टप्प्यात वर्षाला 15 सेंटीमीटरच्या आसपास पळत होता, म्हणजे तुमच्या पाटीवर एका कोटी वर्षांत अडीच सेंटीमीटर. अटलांटिक वर्षाला अडीच सेंटीमीटरने रुंदावतोय धरा, तर त्याच एका कोटी वर्षांत पाटीवर फक्त 4 मिलिमीटर! आणि हो, हिमालयाचे उंचवटे फक्त पाचव्या पाटीवर द्या, आधीच्या पाट्यांवर तो नव्हताच.

हवं तर जीवाश्मांचे ठिपकेही द्या, मला ते फार आवडतात. मेसोसॉरस हा गोड्या किंवा मचूळ पाण्यातला लहान सरपटणारा प्राणी, त्याचे अवशेष दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात सापडतात, तिथे काळे ठिपके. ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीची पानं भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत मिळतात, तिथे हिरवे. वरच्या पाटीवर हे ठिपके घोळक्यात दिसतात आणि खाली येता येता पांगत जातात.

टांगताना सगळ्यात जुनी वर, आजची खाली. मधल्या जागा 5, 6, 4, 5 सेंटीमीटर ठेवा, म्हणजे पाट्यांच्या मधे 1 सेंटीमीटर बरोबर 1 कोटी वर्षं होतात आणि एकूण उंची 170 सेंटीमीटर भरते. 9 कोटीच्या पाटीखाली 2.4 सेंटीमीटरवर भिंतीवरच एक बारीक लाल रेघ मारा, तिथे 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले. आपली माणसाची जात साधारण 3 लाख वर्षांची, या मापात 0.3 मिलिमीटर, तेवढी जागा शेवटच्या पाटीच्या वरच्या कडेला पेन्सिलच्या टोकाने दाखवता येईल. दिवा समोरून न लावता बाजूने लावा, फोमची सावली पडली की खंड उठून दिसतात, आणि धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओलं कापड लागलं तर कडा फुगतात.