मेगापिक्सेल की डायनॅमिक रेंज? नागपूरच्या उन्हात आपला कॅमेरा कसा तपासावा

मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात वाळवणाचे फोटो काढत होतो. अंगणात खाटेवर धोतर पसरून त्यावर ताज्या कुरड्या घातलेल्या, आणि ओसरीच्या सावलीत सोऱ्या पुसत बसलेल्या आजी. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर आजींच्या लुगड्याचा काठ धाग्यासकट दिसत होता आणि कुरड्यांच्या जागी नुसते पांढरे गोळे. एकही तार नाही. ती तार कितीही मेगापिक्सेल घेतले असते तरी आली नसती. प्रश्न होता डायनॅमिक रेंजचा.

रेझोल्यूशन म्हणजे सेन्सरवर, प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पिक्सेल किती. २४ मेगापिक्सेल म्हणजे २४० लाख पिक्सेल, आडवे ६००० आणि उभे ४०००. डायनॅमिक रेंज म्हणजे एकाच फोटोत उजेड आणि अंधार यांच्यातला किती फरक सेन्सर पेलतो ते. हे स्टॉपमध्ये मोजतात आणि दर स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. १० स्टॉप म्हणजे १०२४ पट, १४ स्टॉप म्हणजे १६ हजारांहून जास्त पट. पिक्सेल म्हणजे धान्याचं माप समजा. काठोकाठ भरलं की वर टाकलेलं सांडतं, तो भाग कोरा पांढरा होतो आणि परत मिळत नाही. तळाशी सेन्सरचा स्वतःचा नॉइज, म्हणजे फोटोत दिसणारे दाणे, असतो, त्याखालचं काही ओळखू येत नाही. काठ आणि तळ यांमधली जागा हीच आपली कमाई.

१. फोटो शेवटी कुठे जाणार ते आधी ठरवा

फोर-के टीव्हीवर जेमतेम ८३ लाख पिक्सेल असतात. १२ बाय १८ इंचांचा प्रिंट ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) काढला तरी साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. लग्न, सण, घरचे फोटो काढणाऱ्याला २४ पुष्कळ झाले. अंबाझरी तलावावर लांबचा पक्षी टिपून फोटो कापून घेणाऱ्याची गरज मात्र खरोखर मोठी असते.

२. घरच्या घरी डायनॅमिक रेंज मोजा

जाड विणीचा पांढरा पंचा सावलीतल्या भिंतीवर टांगा. आकाश निरभ्र हवं, म्हणजे उजेड मध्येच बदलत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद), ॲपर्चर (लेन्सचं भोक) ५.६. फोकस एकदा करून मॅन्युअलवर टाका. स्पॉट मीटरने, म्हणजे एका ठिपक्यापुरता उजेड मोजणाऱ्या मीटरने, पंच्यावर रीडिंग घेऊन काटा शून्यावर आणा आणि पहिला फोटो काढा.

आता शटर एकेक स्टॉपने हळू करत पाच फोटो काढा. मग पहिल्या सेटिंगवर परत येऊन एकेक स्टॉपने वेगवान करत चला. शटरचा सर्वांत जास्त वेग गाठला की ॲपर्चर ८, ११, १६ असं बंद करत न्या. संगणकावर प्रत्येक फोटोचं एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) सारखं करून पंच्याची वीण पाहा. वरच्या, म्हणजे जास्त उजेडाच्या, बाजूला साधारण तीन स्टॉपनंतर वीण गायब होईल. खाली मात्र ती बरीच लांबपर्यंत टिकते, मग रंगीत दाणे येतात आणि बुडते. जितक्या फोटोंत वीण दिसली, तितके स्टॉप तुमच्या हातात आहेत. वर जागा थोडी आणि खाली भरपूर, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की उन्हात हात आपोआप सावध होतो.

३. उन्हात एक्स्पोजर उजेडावरून ठरवा

दीक्षाभूमीचा पांढरा घुमट दुपारी टिपायचा असेल तर मीटर घुमटाकडे बघून लावा, झाडांच्या सावलीकडे बघून नाही. कोरा पांढरा झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवून दाखवणारा हायलाइट इशारा चालू ठेवा आणि लुकलुकणं थांबेपर्यंत एक्स्पोजर कमी करा. सावली नंतर रॉ फाइलमधून उचलता येते. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख, कॅमेऱ्यात तयार होणाऱ्या जेपेग फोटोवरून बनतो, म्हणून पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातली रंगांची सेटिंग) न्यूट्रल ठेवली तर तो रॉच्या जास्त जवळ जातो. वाड्यात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एवढंच केलं आणि कुरडईची तार न् तार आली.

४. आयएसओ उगाच चढवू नका

आयएसओ दुप्पट केला की साधारण एक स्टॉप रेंज जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्ल्यांत 'घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्या सुरू होतात तेव्हा काळी मारबत (मिरवणुकीतला मोठा पुतळा) सावलीत असते आणि वर आभाळ झगझगत असतं. अशा वेळी शटर १/२५० सेकंद पुरतं, आयएसओ १६०० लागत नाही. एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो जोडण्याची युक्ती तिथे चालत नाही. माणसं हलतात आणि फोटोत त्यांची भुतं उमटतात. ही युक्ती स्थिर इमारतींसाठी राखून ठेवा.

५. मेगापिक्सेल हवेत विरघळू देऊ नका

पेंचच्या जंगलात मे महिन्यात दुपारी लांबच्या लेन्सने काढलेला फोटो मऊ येतो आणि लोक लेन्सला दोष देतात. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा थरथरत असते, तीच बारकावे पुसते. ४५ मेगापिक्सेलचा सेन्सर ती थरथर जास्त बारकाईने नोंदवतो, बस. उजाडताच पोहोचा आणि प्राण्याच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहा.

६. दोन कॅमेरे एकाच मापावर आणून तोला

शंभर टक्के झूम करून तुलना करणं अन्यायाचं आहे. जास्त पिक्सेलच्या सेन्सरवर एकेक पिक्सेल लहान असतो, म्हणून नॉइज जास्त दिसतो. पण ४८ मेगापिक्सेलचा फोटो १२ वर आणला की चार पिक्सेलांचा एक होतो, नॉइज निम्मा होतो आणि साधारण एक स्टॉप परत मिळतो. बरेच मोबाईल हेच आपोआप करतात. एकाच आकारात पाहिलं की कळतं, खरा फरक बहुधा सेन्सरच्या क्षेत्रफळाने पडतो.

सीताबर्डीला कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा आपलं मेमरी कार्ड न्या. काउंटरच्या आत उभं राहून दाराकडे फोटो घ्या, असा की बाहेरचं ऊन आणि टेबलाखालचा काळोख दोन्ही चौकटीत येतील. प्रत्येक कॅमेऱ्याने एकच दृश्य, आयएसओ १००, रॉ. घरी येऊन दोन्ही सारख्या आकाराचे करा, टेबलाखालची सावली उचला, आणि मगच पैसे मोजा.