शिकाऊ डॉक्टरांना शिकवताना दवाखान्यातला संगणक कसा वापरावा

शिकाऊ डॉक्टर रुग्णाविषयी कसा विचार करतो, हे प्रत्येक वेळी शेजारी न बसताही जाणून घ्यायचे असेल, तर त्याने संगणकावर केलेल्या नोंदी वाचण्याइतका चांगला मार्ग फॅमिली डॉक्टरांजवळ दुसरा नाही. त्यासाठी पहिल्याच दिवशी त्याला स्वतंत्र लॉगिन द्यावे. आपल्याच पासवर्डवर त्याला काम करू देणे सोयीचे वाटते. परंतु मग कोणते औषध कोणी लिहिले हे कळण्याची सोयच उरत नाही, आणि रुग्णाच्या सुरक्षिततेचा विचार करता ही तडजोड मला मुळीच मान्य नाही.

नोंदीची चौकट आधीच ठरवावी. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी पुरस्कारलेल्या समस्यानिहाय नोंदपद्धतीत तक्रार, तपासणी, निदानाचा विचार आणि पुढील योजना असे चार भाग असतात, आणि त्यांतला तिसरा भाग नवखे डॉक्टर सहज गाळतात. ‘खोकला, तीन आठवडे, सिरप दिले’ एवढेच लिहिलेले असेल, तर क्षयरोगाची शंका मनात आली होती का, वजन घटल्याचे विचारले होते का, रुग्णाला पुन्हा कधी बोलावले, यांपैकी काहीच समजत नाही. दर आठवड्याला त्याच्या काही नोंदी, निवड त्याच्यावर न सोपवता, आपणच सहज उघडाव्यात आणि दोघांनी स्क्रीनसमोर बसून हेच प्रश्न धसास लावावेत. मागच्या भेटीची तपासणी कॉपी-पेस्ट केलेली आढळली, तर ती खोटी नोंद ठरते, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्या रुग्णाला को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक लिहिल्यावर संगणकाने इशारा दिला, तर तो बंद करण्यापूर्वी रक्तस्रावाचा धोका का वाढतो, हे प्रशिक्षणार्थ्याला सांगता आले पाहिजे. किरकोळ इशाऱ्यांचा भडिमार होत असेल, तर गंभीर इशाराही न वाचताच बंद करण्याची सवय जडते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सोय असल्यास बिनमहत्त्वाचे इशारे कमी करून घ्यावेत.

स्क्रीन रुग्णालाही दिसेल असा तिरका ठेवावा, मात्र आधीच्या रुग्णाची नोंद त्यापूर्वी बंद केलेली असावी. रुग्ण बोलू लागला की किमान पहिला मिनिटभर कीबोर्डला हात लावू नये. ही सवय लागली की नाही, हे तपासण्यासाठी रुग्णाच्या लेखी संमतीने एखाद्या भेटीचे चित्रीकरण करून ते प्रशिक्षणार्थ्यासोबत पाहावे, आणि रुग्णाने नंतर संमती मागे घेतल्यास ते पुसून टाकावे.